घेता ना? मग दाखवा बरं

‘पंप रोज घेता ना?’ दम्याच्या पेशंटला विचारायचा याच्याइतका निरुपयोगी प्रश्न दुसरा नाही. उत्तर ठरलेलं असतं. ‘घेतो ना सिस्टर.’ दोन्ही वेळा? ‘दोन्ही वेळा.’ राउंडला डॉक्टर तेच विचारतात, त्यांनाही तेच सांगितलं जातं, आणि फाइलवर आणखी एक औषध चढतं. पेशंट खोटं बोलत नसतो बरं का. तो खरंच घेत असतो. फक्त जे घेतो ते फुप्फुसापर्यंत पोचत नाही.

म्हणून मी हा प्रश्न विचारणंच सोडून दिलं. मी म्हणते, ‘माझ्यासमोर घेऊन दाखवा.’

नाशिकमधल्या एका हॉस्पिटलात मेडिसिन वॉर्डला मी बरीच वर्षं आहे, आणि या ‘दाखवा’मुळे काय काय बघितलंय ते सांगायला बसले तर रात्र सरेल. टोपी न काढता पंप दाबणारे. तोंडापासून चार बोटं लांब धरून तोंडात फवारा मारणारे. सगळा श्वास आत भरून झाल्यावर मग दाबणारे, म्हणजे औषधाला आत जायला जागाच नाही. दाबताना तोंडात पंप आणि श्वास मात्र नाकाने. ओठांच्या कडेने पांढरा धूर बाहेर येताना दिसला की समजायचं, पैसे हवेत गेले.

त्यातले दिंडोरीकडचे एक बाबा मला विसरता येत नाहीत. द्राक्षबागायतदार, सत्तरीच्या आसपास, सोबत मुलगा. मुलाची तक्रार होती की इतक्या महागाच्या औषधाने बाबांना काडीचा फरक नाही. बाबा म्हणाले, ‘सकाळी एक, रात्री एक. एकदापण चुकवली नाही.’ मी म्हटलं, दाखवा बरं. त्यांनी डबी उघडली, रोटाकॅप, म्हणजे यंत्रात घालून श्वासाने ओढायच्या पुडीची कॅप्सूल, काढली, जिभेवर ठेवली आणि तांब्यातल्या पाण्याबरोबर गिळून टाकली. मग तोंड पुसून माझ्याकडे बघितलं, झालं, अशा नजरेनं. ते फिरवायचं यंत्र कुठंय? मुलाने पिशवीच्या तळातून खोक्यासकट काढलं. सील तसंच होतं. ‘हे पण दिलं होतं मेडिकलवाल्याने, पण लागलं नाही कधी.’

बाबांचं काय चुकलं? चिठ्ठीवर लिहिलं होतं 1-0-1. जन्मभर त्यांनी 1-0-1 लिहिलेली प्रत्येक कॅप्सूल गिळलीच होती. बीपीची, पित्ताची, तापाची. ही तेवढी गिळायची नाही, हे अक्षर कुठेच नव्हतं. त्या कॅप्सूलमध्ये ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल अशी दोन औषधांची पूड असते, मायक्रोग्रॅममध्ये मोजायची. ब्युडेसोनाइड पोटातून गेलं की त्यातलं जवळजवळ नव्वद टक्के यकृतातच मोडीत निघतं. श्वासातून घेताना हाच त्याचा गुण, कारण घशावर बसलेलं आणि चुकून गिळलं गेलेलं औषध अंगभर पसरत नाही. गिळणाऱ्यासाठी मात्र ती शुद्ध वाया गेलेली कॅप्सूल. बाबांची औषधं बदलली नाहीत, डोस वाढला नाही. यंत्राचं सील फोडलं, एवढंच. पुढच्या खेपेला मुलगा एकटाच रिपोर्ट दाखवायला आला होता. बाबा बागेत छाटणीला होते म्हणे.

बाकीची औषधं कशीही घेतली तरी बहुतेक वेळा पोचतात. तोंडाची गोळी पोटात जाते, शिरेतलं रक्तात जातं, आणि ते बघायला नर्स असते. श्वासाच्या औषधाचं तसं नाही. औषधाचे कण साधारण 1 ते 5 मायक्रॉनचे असले तरच खोल नळ्यांपर्यंत जातात. मोठे असतील किंवा जोरात येऊन आदळले तर घशालाच चिकटतात. आणि त्यांना आत नेणारं वाहन कोणतं, तर पेशंटचा स्वतःचा श्वास, जो आधीच अडलेला आहे. आजारी माणसाच्या सगळ्यात दुबळ्या गोष्टीवर आपण सगळी भिस्त ठेवतो. मग ती गोष्ट त्याला शिकवणं हे औषध देण्याइतकंच आपलं काम झालं की नाही?

त्यातही गोम अशी की दोन यंत्रांचे श्वास एकमेकांच्या अगदी उलट आहेत. गॅसचा पंप असेल तर हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, ओठ घट्ट मिटायचे, श्वास आत घ्यायला सुरुवात करता करता दाबायचं आणि हळू, लांब, शांत ओढायचं. मग दहा सेकंद धरून ठेवायचं. दुसरा पफ अर्ध्या-एक मिनिटाने, पुन्हा हलवून. आणि रोटाहेलर, म्हणजे रोटाकॅपचं ते फिरवायचं यंत्र, असेल तर? तिथे गॅस नाही, पूड ढकलणारं कोणी नाही, तुमच्या ओढीनेच ती उडणार. म्हणून जोरात, पहिल्या क्षणापासून जोरात ओढायचं. यंत्रात फुंकर मारायची नाही, नाहीतर तोंडाची वाफ लागून पूड ओली होते. ओढून झाल्यावर उघडून बघायचं, पूड उरली असेल तर पुन्हा एकदा ओढायचं. आता कित्येक पेशंटच्या हातात ही दोन्ही असतात. धाप लागली की पंप, रोजच्यासाठी रोटाकॅप. एकाला हळू, दुसऱ्याला जोरात. शिकवणाऱ्याने हा फरक नावानिशी सांगितला नाही तर पेशंट दोन्हीकडे एकच श्वास वापरतो, आणि एक औषध हमखास वाया जातं.

गॅसच्या पंपाची गोष्ट मला आवडते. 1956 साली तो अमेरिकेत बाजारात आला. कंपनीच्या प्रमुखाची मुलगी दमेकरी होती. तिने विचारलं होतं म्हणतात, की केसांचा स्प्रे डब्यातून येतो तसं माझं औषध का येत नाही? त्याआधी काचेच्या भांड्याला लावलेला रबरी फुगा दाबून औषध उडवायचं असे. मुलीच्या प्रश्नातून यंत्र निघालं. पण डब्यातून औषध बाहेर काढायची सोय झाली. ते आत घ्यायचं कसं, ते प्रत्येक पेशंटला वेगळं शिकवायचं काम आमच्यासाठी शिल्लक राहिलं.

आणि आम्हाला तरी ते कुठे येतं? राज्यभरातल्या नर्सिंगच्या पोरींची पदवी ज्या आरोग्य विद्यापीठाची, ते इथे म्हसरूळला आहे. नव्याने वॉर्डात आलेल्या पोरींना सॅल्ब्युटामॉल, म्हणजे धाप लागल्यावर घ्यायच्या पंपातलं औषध, विचारा: बीटा-टू रिसेप्टर, श्वासनळ्या सैल, हात थरथरतात, छाती धडधडते, पोटॅशियम उतरतं. घडाघडा सांगतात, आणि बरोबर सांगतात. मग मी त्यांच्या हातात रिकामा पंप देते आणि म्हणते, घेऊन दाखव. निम्म्या जणी हलवत नाहीत. बहुतेक जणी आधी श्वास सोडत नाहीत. हे नाशिकचंच आहे असं नाही. जगात जिथे जिथे नर्स आणि डॉक्टरांना पंप घेऊन दाखवायला सांगितलं, तिथे तिथे भरपूर चुका सापडल्या आहेत. कारण सरळ आहे. परीक्षेत औषधाची कृती येते, पेशंटची येत नाही.

वॉर्डात सगळ्यात जास्त शक्ती जाते ती भीती काढण्यात. ‘पंप म्हणजे शेवटची स्टेज’, ‘एकदा लागला की सुटत नाही’, ‘गोळीच द्या ना सिस्टर, साधी.’ अशा वेळी मी हिशेब मांडते. सॅल्ब्युटामॉलची गोळी 4 मिलीग्रॅमची मिळते. पंपाच्या एका पफमध्ये 100 मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलीग्रॅमचा दहावा भाग. म्हणजे एक ‘साधी’ गोळी चाळीस पफांएवढी, आणि ती आधी पोटात, मग रक्तात, मग अंगभर फिरून छातीत पोचणार. पंप काही मिनिटांत जागेवर. द्राक्षाच्या आणि कांद्याच्या पट्ट्यातल्या माणसाला एकरी किती औषध मारायचं ते तोंडपाठ असतं. हा हिशेब त्याला फटकन पटतो. शहरातल्या शिकलेल्यांना पटवायला जास्त वेळ लागतो, असा माझा अनुभव आहे. त्यांनी मोबाइलवर ‘स्टेरॉइड’ वाचलेलं असतं.

स्टेरॉइड हा शब्द मी लपवत नाही. लपवला की पेशंटला दुसरीकडून कळतो आणि मग तो पंप बंद करतो, आपल्यावरचा विश्वासही बंद करतो. मी सांगते की हो, आहे. मायक्रोग्रॅममध्ये आहे आणि बहुतेक सगळं छातीतच काम करतं. त्रास होतो तो घशावर उरलेल्याचा: आवाज बसतो, तोंडात पांढरे चट्टे येतात. म्हणून घेतल्यावर चूळ भरायची, खळखळून, आणि थुंकायची, गिळायची नाही. दात घासायच्या आधी पंप ठेवला तर चूळ आपोआप होते. पण जोराचा झटका येतो तेव्हा ज्या प्रेडनिसोलोनच्या गोळ्या देतात, त्यांची गोष्ट निराळी. त्या सकाळी, खाऊन मग घ्यायच्या, साखर वाढते ती बघायची, आणि बरेच दिवस चालू असतील तर मनाने एकदम बंद करायच्या नाहीत. दोन्हीला एकच नाव असल्याने पेशंट दोन्हीला सारखाच घाबरतो, आणि टाळतो मात्र पंपाला.

आराम देणारा पंप लोकांचा लाडका असतो, कारण पाच मिनिटांत छाती मोकळी होते. रोजचा सूज उतरवणारा पंप घेतल्यावर काहीच ‘कळत’ नाही, म्हणून तो आधी सुटतो. 2019 पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचना, ज्यांना सगळे ‘जीना’ म्हणतात, स्पष्ट सांगतात की बारा वर्षांवरच्या दमेकऱ्याला नुसत्या सॅल्ब्युटामॉलवर ठेवू नका, श्वासातलं स्टेरॉइड सोबत हवंच. बिडी-सिगारेटने किंवा चुलीच्या धुराने झालेल्या सीओपीडीचं, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद करणाऱ्या आजाराचं, गणित वेगळं. तिथे नळ्या सैल करणारी औषधं आधी, स्टेरॉइड काहींनाच. वॉर्डात मात्र दोघांनाही ‘दमा’च म्हणतात, आणि शेजारच्या कॉटवरचा पंप बघून ‘मला का नाही तसला’ हे चालूच असतं.

सिन्नर एके काळी बिडीसाठी ओळखलं जायचं. तिकडच्या जुन्या माणसांकडून मी एक गोष्ट फार जपून बघायला शिकले. डेरिफायलिन, म्हणजे श्वासनळ्या सैल करणारं थिओफायलिनच्या जातीचं औषध, खेड्यात अजून भरपूर चालतं. स्वस्त आहे, ओळखीचं आहे. पण उपयोगाचा डोस आणि विषारी डोस यांच्यात अंतर फार कमी. पुस्तकातली जुनी मर्यादा रक्तात 10 ते 20 मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. बिडी ओढणाऱ्याचं यकृत हे औषध भराभर संपवतं. तोच माणूस अॅडमिट होतो, बिडी बंद होते, डोस तोच राहतो, आणि आठवड्याभरात उलट्या, धडधड, झोप नाही. वर कोणी इन्फेक्शनसाठी सिप्रोफ्लॉक्सासिन जोडलं तर बघायलाच नको, ते थिओफायलिन रक्तात आणखी साठवतं. अशा वेळी ‘बाबा, बिडी कधीपासून बंद?’ हा प्रश्न उपदेशाचा नसतो. डॉक्टरांना फोन करायच्या आधीची ती माहिती असते. आणि घरी जाऊन पुन्हा सुरू केली तर तेही सांगा, ओरडणार नाही, असं मी आधीच कबूल करते.

मालेगावकडच्या एका मुलीची आई मला म्हणाली होती, ‘दम लागस तिले, पण पंप नको देऊ बाई, पोटात बाळ शे.’ सातवा महिना होता. पोरीने दोन जिवांची झाल्यावर सगळं बंद केलं होतं, सासरी तर पंप कधी दाखवलाच नव्हता. त्या माउलीला औषधांची नावं सांगून काही उपयोग नव्हता. मी पोरीच्या बोटाला ऑक्सिजनचं मशीन लावलं, आकडा दाखवला आणि म्हटलं, बाळ याच्यातूनच श्वास घेतं, हिचा कमी झाला की त्याचाही कमी. गरोदरपणात श्वासातली नेहमीची औषधं चालू ठेवायची असतात. आटोक्यात नसलेला दमा बाळाला जास्त धोक्याचा. आईने मग स्वतःच पंप पोरीच्या हातात दिला. सासरचं काय करायचं, ते मात्र मला ठरवता आलं नाही.

वाफेच्या मशीनचं, म्हणजे नेब्युलायझरचं, खूळ हा वेगळा विषय आहे. ‘पंपाने काय होतंय, वाफ द्या.’ मशीन घरघरतं, धूर दिसतो, मास्क असतो, म्हणजे काहीतरी मोठं चाललंय असं वाटतं. खरं तर बहुतेक झटक्यांत पंप आणि स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायचं पोकळ प्लॅस्टिकचं नळकांडं, नीट घेतले तर तितकंच काम होतं. घरी मशीन आणलं की लोक दर दोन तासांनी वाफ देत बसतात आणि हॉस्पिटल लांबवतात. एक वाक्य एका दमात पुरं करता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, वाफेनंतर तासाभरात पुन्हा तेच होत असेल, तर मशीन बाजूला ठेवा आणि निघा. वाफ घेतल्यावर तोंड धुवा, स्टेरॉइड असेल तर चूळही भरा. इप्राट्रोपियम हे नळ्या सैल करणारं औषध असेल तर मास्क डोळ्यांकडे गळू देऊ नका, काचबिंदूवाल्यांना ते महागात पडतं. आणि सीओपीडीच्या पेशंटचा ऑक्सिजन नातेवाइकांनी कृपया वाढवू नये. रात्री तीनला ‘बाबांना दम लागत होता म्हणून जरा फिरवलं’ असं म्हणणारा मुलगा प्रेमानेच फिरवतो, पण या पेशंटमध्ये बोटावरच्या मशीनचा 88 ते 92 टक्के हाच आकडा बरा असतो. त्याहून वर नेला तर शरीरात कार्बन डायऑक्साइड साठून बाबा गुंगीत जातात, आणि मुलाला वाटतं, चला, झोप लागली एकदाची.

स्पेसर मात्र मला मनापासून आवडतो. हात आणि श्वासाची वेळ जमली नाही तरी तो सांभाळून घेतो. म्हाताऱ्या माणसांना आणि लहान मुलांना तर हवाच. पंचवटीतल्या एका आजी आपला स्पेसर रोज पदराने लख्ख पुसायच्या, काचेच्या बरणीसारखा. तरी औषध लागू पडेना. कोरड्या कापडाने घासलं की प्लॅस्टिकवर स्थिर वीज बसते आणि औषध भिंतीला चिकटतं, छातीत जातच नाही. साबणाच्या पाण्यात बुडवून काढायचा, न पुसता निथळत ठेवायचा, झालं. आजींना ते पटायला वेळ लागला. न पुसता ठेवलेली वस्तू त्यांच्या घरात अस्वच्छच. पेठ-सुरगाण्याकडून येणाऱ्यांना स्पेसर परवडत नाही तेव्हा अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडून, घट्ट बसवून, बाटलीच्या तोंडातून श्वास घ्यायचा. गमतीचा वाटला तरी हा अभ्यासून सिद्ध झालेला उपाय आहे. भोक सैल झालं तर मात्र काही अर्थ नाही.

आमचा जिल्हा दम्याला जणू सोयीचाच आहे. निफाडची थंडी राज्यात गाजते. ऑक्टोबरची छाटणी झाली की बागांतून फवारे सुरू. कांद्याच्या चाळीत पापुद्रे आणि धूळ, मालेगावला मागांची कापसाची तूस, शहरात द्वारकेच्या चौकातला धूर. कोजागिरीच्या रात्री खिरीतून दम्याचं औषध घ्यायला लोक लांबलांबून जातात. जाऊ देत, मी वाद घालत नाही. एवढंच सांगते की खीर खाल्ली तरी पंप बंद करू नका. या एका वाक्याने कित्येकांची अॅडमिशन वाचली असेल, असं मला वाटतं.

माझा राग आहे तो डिस्चार्जच्या पाच मिनिटांवर. बिल झालंय, रिक्षा खाली उभी आहे, सुनेची पिशव्या भरायची धांदल, आणि त्या गडबडीत आम्ही पंप शिकवतो. कोणाला लक्षात राहणार? आमच्या चार्टवर इंजेक्शनला वेळ लिहायचा रकाना आहे, शिकवण्याला नाही. मग ते ज्या दिवशी जमेल त्या दिवशी होतं, म्हणजे शेवटच्या. मी माझ्या पोरींना सांगते, पेशंट ज्या दिवशी एक पूर्ण वाक्य बोलायला लागला, त्या दिवसापासून प्रत्येक डोस त्याच्या हाताने. तू दे म्हणून नाही, तू बघ म्हणून. सकाळच्या ड्यूटीने शिकवलेलं रात्रीच्या ड्यूटीने पुन्हा करून घ्यायचं. ‘समजलं का?’ विचारायचं नाही, कारण ‘समजलं’ हे ‘घेतो ना’चंच भावंड आहे.

आणि जाताना मार्करने पंपाच्या डब्यावर तारीख टाकून द्यायची. आराम देणाऱ्या पंपात 200 पफ असतात. पफ संपले तरी गॅस उरतो, दाबला की आवाज येतो, म्हणून ‘चालू आहे’ असं वाटतं. पाण्यात तरंगवून बघायची जुनी युक्तीही भरवशाची नाही. मागे आकडा दाखवणारा काउंटर असेल तर उत्तम, नसेल तर तारीख. वर्षात असे तीन डबे संपले तरी दमा हाताबाहेर चाललाय असं धरायचं. महिन्याला एक संपत असेल तर ते जिवावरचं आहे. चौथा डबा घ्यायला मेडिकलवर जाऊ नका, ओपीडीला या. रिकामे डबेही घेऊन या, तारखांसकट.